बाबांना ‘तुम्ही’, देवाला ‘तू’

आजचं वचन : लूक १५:११–३२
सोबत वाचा : रोमकरांस पत्र ८:१४–१७



आज सुरुवात थोडी व्याकरणापासून करूया. मी आईला ‘तू’ म्हणतो. बाबांना मात्र आजवर एकदाही ‘तू’ म्हटलेलं नाही. “बाबा, तुम्ही जेवलात का?”, “बाबा, तुम्ही येताय ना?” तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असंच असेल. पण रोज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना स्वर्गातल्या पित्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा हे सगळं मी ‘तुझं’ म्हणतो. संडे स्कूलपासून पाठ आहे, त्यामुळे कधी खटकलं नाही. मग एका रविवारी उपासनेत बाबा माझ्या शेजारी उभे होते आणि ती प्रार्थना म्हणताना एकदम लक्षात आलं, की शेजारच्या बापाला मी ‘तुम्ही’ म्हणतो आणि आकाशातल्या बापाला ‘तू’.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. मी देवाला ‘पिता’ म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नक्की कोण असतं?

खरं सांगायचं तर बरीच वर्षं तोंडात ‘तू’ होतं आणि मनात ‘तुम्ही’. माझे बाबा पिंपरीत एका कारखान्यात फिटर होते. कमी बोलणारा माणूस. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, पण कौतुकही नाही. बारावीचा निकाल घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “गणितात अजून यायला पाहिजे होते.” माझ्या मनातला देव साधारण असाच होता. रागीट नाही, पण प्रगतीपुस्तक हातात धरून बसलेला. बायबलवाचन किती झालं, प्रार्थना किती चुकल्या, या आठवड्यात कोणतं पाप परत घडलं, याची नोंद ठेवणारा. प्रेम करणारा पिता हे शब्द मी गाण्यात म्हणायचो, पण प्रार्थनेला बसलो की हिशोब द्यायला बसल्यासारखं वाटायचं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. लग्नाआधीची आहे.

मी ज्या कंपनीत होतो तिथे एका शुक्रवारी दुपारी मीटिंगला बोलावलं आणि वीस मिनिटांत नोकरी संपली. लॅपटॉप जमा केला, आयकार्ड जमा केलं. घरी सांगायचं धैर्य झालं नाही. सोमवारी सकाळी नेहमीसारखा तयार झालो, आईने दिलेला डबा घेतला, बॅग पाठीला लावली आणि बाहेर पडलो. दिवसभर कधी बागेत, कधी वाचनालयात बसून मोबाइलवरून अर्ज करायचो. संध्याकाळी सात वाजता ‘ऑफिसमधून’ परत. असे सात आठवडे गेले.

आई विचारायची, “कामाचं काय चाललंय रे?” मी म्हणायचो, “चाललंय.” त्या काळात मी चर्चला जात होतो, गात होतो, दशांशसुद्धा दिला, साठवलेल्या पैशातून. देवासमोर मात्र पाच मिनिटं शांत बसू शकत नव्हतो. नोकरी गेली म्हणून देव रागावेल असं वाटत नव्हतं. वाटायचं की आता त्याला दाखवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

शेवटी पैसे संपत आले आणि सांगायचं ठरवलं. आम्ही इंजिनिअर लोक, तयारीशिवाय बोलत नाही. मी चक्क मुद्दे काढले. एक, काय घडलं. दोन, माझं कुठे चुकलं. तीन, पुढचा प्लॅन : नोकरी लागेपर्यंत घरातलं जे काही माझ्यावर खर्च होईल ते लिहून ठेवीन आणि नंतर फेडीन. बसस्टॉपवर उभा राहून दोनदा तालीम केली.

घरी गेलो. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, “बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय.”

ते म्हणाले, “आधी जेव.”

जेवलो. हात धुऊन परत आलो, पहिला मुद्दा सुरू केला. त्यांनी मध्येच थांबवलं. “माहीत आहे. दार लावून घे, डास येतात.” मी दार लावलं. मग म्हणाले, “उद्यापासून डबा घेऊन बाहेर जाऊ नकोस. उन्हात कुठे बसतोस? घरीच जेवत जा.”

बस, एवढंच. दुसरा आणि तिसरा मुद्दा बोलायची वेळच आली नाही. त्यांनी मिठी मारली, डोळे पुसले वगैरे काही घडलं नाही. ते उठून बातम्या बघायला गेले.

भाषण अर्धवट राहिलं

त्यानंतर काही महिन्यांनी लूकचा १५ वा अध्याय वाचत होतो. शंभर वेळा ऐकलेला दाखला. पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. तुम्हीही बायबल उघडून तपासा. १८ आणि १९ व्या वचनात धाकटा मुलगा डुकरांच्या मध्ये बसून भाषण तयार करतो. त्याचे तीन भाग आहेत. मी पाप केलं. मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही. मला मोलकऱ्यांपैकी एक म्हणून ठेवा. आता २१ वं वचन बघा. बापासमोर तो हेच भाषण सुरू करतो. पहिला भाग होतो, दुसरा होतो. तिसरा येतच नाही! २२ व्या वचनात बाप चाकरांशी बोलायला लागलेला असतो. झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा, जेवणाची तयारी करा.

मोलकरी म्हणून ठेवा, हे वाक्य बाप ऐकूनच घेत नाही.

पहिल्या दोन भागांना तो हरकत घेत नाही, हे लक्षात घ्या. पाप झालं ते झालंच. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे जवळजवळ तुम्ही मेलात असं समजतो असं सांगणं. त्यात काही गोड करून घेण्यासारखं नव्हतं. पण तिसरा मुद्दा वेगळ्या जातीचा आहे. त्यात मुलगा नवा करार मांडतोय. प्रेम नको, पगार द्या. म्हणजे उद्या मला अपराधी वाटणार नाही, माझं देणं फिटत राहील. ऐकायला नम्र वाटतं, पण खरं तर त्यात बापापासून सुरक्षित अंतर राखायची सोय आहे. माझा ‘लिहून ठेवीन आणि फेडीन’ हा मुद्दा नेमका तोच होता.

आणि बाप धावत येतो. मध्यपूर्वेत अनेक वर्षं राहून शिकवणारे अभ्यासक केनेथ बेली यांनी दाखवून दिलं आहे, की तिथल्या गावात वयस्क, प्रतिष्ठित माणूस लोकांसमोर धावत नाही. ते त्याला शोभत नाही. आपल्याकडेही गावचे पाटील अंगरखा सावरत रस्त्यावरून पळताना डोळ्यांसमोर आणून बघा! मुलाची लाज झाकायला बाप स्वतःची लाज सोडतो. मुलगा परत का आला, भुकेने की पश्चात्तापाने, याची चौकशीही तो करत नाही. १७ वं वचन तर स्पष्ट सांगतं की सुरुवात भुकेपासूनच झाली होती.

घरात राहणारा मोलकरी

पण आपण, म्हणजे चर्चमध्ये वाढलेली मुलं, बहुतेक करून थोरल्या भावात सापडतो. तो घर सोडून कुठे गेला नाही. रोज शेतावर. आणि २९ व्या वचनात तो बापाला काय सांगतो? इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, एकही आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर मजा करायला मला साधं करडूसुद्धा मिळालं नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे गुलामासारखं राबण्याचं क्रियापद आहे. शिवाय तो बापाला ‘बाबा’ अशी हाक मारत नाही आणि भावाला भाऊ म्हणत नाही. हा तुमचा मुलगा, असं म्हणतो.

म्हणजे धाकट्याला मोलकरी व्हायचं होतं आणि थोरला घरात राहून मोलकरी झालाच होता. दोघांनाही वाटत होतं की या घरात जागा कामाने मिळते. एकाचं काम बिघडलं म्हणून तो घाबरला, दुसऱ्याचं काम चांगलं झालं म्हणून तो चिडला.

मित्रांनो, आपलं अख्खं आयुष्य अप्रेझलवर चालतं. वर्षाच्या शेवटी रेटिंग, त्यावर हाइक, त्यावर फ्लॅटचा हप्ता. त्यात चुकीचं काही नाही. नोकरी अशीच चालते. घोटाळा होतो तो आपण तीच सवय घेऊन प्रार्थनेला बसतो तेव्हा. “प्रभू, मी इतकी वर्षं क्वायरमध्ये आहे, मी कधी दारूला शिवलो नाही, मग माझंच लग्न का जमत नाही? त्याचं जमलं, आणि तो तर…” असं कधी मनात आलंय? माझ्या आलंय. ते थोरल्या भावाचं करडू आहे.

यात मला फार धीर देणारी गोष्ट म्हणजे बाप थोरल्यासाठीही बाहेर येतो. २८ वं वचन. त्या संध्याकाळी बाप दोनदा घराबाहेर पडला. एकदा वाट चुकलेल्यासाठी आणि एकदा रुसलेल्यासाठी. आणि माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, असं त्याला सांगतो. १२ वं वचन नीट वाचलं तर वाटणी दोघांनाही मिळाली होती. करडू कशाला, गोठाच त्याचा होता. पण मागायची वस्तू म्हणून तो बापाकडे बघत राहिला, आणि बाप त्याच्या हातून सुटला.

थोरला आत गेला का? दाखल्यात सांगितलेलं नाही. येशूसमोर कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री बसले होते. उत्तर त्यांनी द्यायचं होतं. आता आपण द्यायचं.

ज्यांना हा शब्दच टोचतो

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हे मनन सोपं झालं असतं. पण एक प्रामाणिक अडचण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरगुती प्रार्थना सभेत मी याच विषयावर बोललो. देव प्रेमळ बाप आहे, वगैरे. संपल्यावर एक ताई थांबल्या. म्हणाल्या, “तू छान बोललास. पण मला लहानपणी जिन्यात पावलं वाजली की पलंगाखाली जायची सवय होती. बाबा पिऊन यायचे. तू बाप म्हणालास की मला ती पावलं ऐकू येतात. मी काय करू?”

मी तेव्हा फार वाईट उत्तर दिलं. म्हटलं, “ताई, क्षमा करा, मग सोपं जाईल.” त्या हसल्या आणि निघून गेल्या. ते हसू मला अजून आठवतं. जिची जखम ओली आहे तिला मी गृहपाठ दिला होता.

प्रश्न खरा आहे. पृथ्वीवरचा बाप बघूनच आपण ‘बाप’ हा शब्द शिकतो. मग ज्याच्या वाट्याला वाईट बाप आला, त्याने देवाला त्याच शब्दाने का हाक मारायची?

मला आज जे कळतं ते असं. बाजारात भाजीवाल्याकडे वजनं असतात. ती ठरावीक काळाने वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. वजन खोटं आहे अशी शंका आली तर ते प्रमाण वजनाशी ताडून बघतात. दुकानातल्या वजनाने कुणी प्रमाण वजन तपासत नाही. इफिसकरांस पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात (१४ आणि १५ वचन) पौल सांगतो की स्वर्गातलं आणि पृथ्वीवरचं प्रत्येक घराणं आपलं नाव पित्यापासून घेतं. म्हणजे प्रमाण वर आहे. माझ्या बाबांना मोठं करून देव होत नाही. देवाशी ताडून बघितलं की कळतं माझ्या बाबांचं वजन कुठे बरोबर होतं आणि कुठे कमी पडलं. आणि त्या ताईंच्या वडिलांचं वजन खोटं होतं, हे बोलायला बायबल घाबरत नाही. येशू स्वतः लूक ११:१३ मध्ये बापांना तोंडावर वाईट म्हणतो. स्तोत्र २७:१० आईबाप टाकून देतील ही शक्यता गृहीत धरूनच बोलतं.

त्यामुळे देवाचं पितृत्व हे कुठल्याही मारकुट्या बापावर घालायचं पांघरूण नाही. उलट त्याच्यावरचा निकाल आहे. “असा असतो तो बाप, आणि तू तसा नव्हतास,” असं म्हणायचा हक्क त्या मुलीला यातूनच मिळतो. क्षमा येईल तेव्हा येईल, देवाच्या वेळेने, आणि क्षमा म्हणजे त्या घरात परत राहायला जाणं नव्हे.

आणि तोपर्यंत शब्द अडत असेल तर देवाला घाई नाही. त्याच बायबलमध्ये तो मेंढपाळ आहे, खडक आहे, आश्रय आहे. यशया ६६:१३ मध्ये तो स्वतःची तुलना लेकराचं सांत्वन करणाऱ्या आईशी करतो. आपल्या मातीत तर संतांनी विठ्ठलालाच माउली म्हटलं, आणि त्याच भाषेत वाढलेल्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तालाही माउली म्हणून हाक मारली. त्या ताई आज प्रार्थनेत ‘प्रभू’ म्हणतात, ‘मेंढपाळा’ म्हणतात. मी त्यांना परत कधी सुधारायला गेलो नाही. माफी मात्र मागितली.

अब्बा

रोमकरांस ८:१५ मध्ये पौल म्हणतो की आपल्याला मिळालेला आत्मा दास्याचा नाही, दत्तकपणाचा आहे, आणि त्याच्यामुळे आपण अब्बा अशी हाक मारतो. पत्र वाचणाऱ्या रोमच्या लोकांना दत्तक म्हणजे काय ते चांगलं माहीत होतं. सम्राट ऑगस्टस स्वतः ज्युलियस कैसराचा दत्तक पुत्र होता. मोठ्या घरात दत्तक घेतलं जायचं ते नाव आणि मालमत्ता चालवायला, बहुतेकदा चांगला जाणता वारस निवडून. देवाने निवडलं ते आपल्याला, ज्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. हक्क मात्र पूर्ण मुलाचे दिले.

‘अब्बा’ हा अरामी शब्द नव्या करारात फक्त तीनदा येतो : मार्क १४:३६, रोमकरांस ८:१५, गलतीकरांस ४:६. पुष्कळदा सांगतात की हा बाळबोलीतला शब्द आहे. पण जेम्स बार या अभ्यासकाने १९८८ मध्ये दाखवलं की मोठी माणसंही आपल्या वडिलांना हीच हाक मारत. मला हे जास्त आवडतं. म्हणजे त्यात लाड आहे आणि आदरही आहे. आपल्या मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतलं एक निवडावं लागतं. अब्बामध्ये दोन्ही मावतात.

आणि शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी हा शब्द एकाच ठिकाणी येतो. गेथशेमानेत. घाम, भीती, झोपलेले शिष्य, आणि हा प्याला दूर कर अशी विनवणी. प्याला दूर झाला नाही. प्रेमळ पिता म्हणजे मागेल ते देणारा, असं आपण समजत असू तर गेथशेमाने समजणारच नाही. तिथे पुत्राचं मागणं मान्य झालं नाही, पण हाक बदलली नाही. ‘अब्बा’ म्हणूनच त्याने स्वतःला पित्याच्या हाती दिलं, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की हात चुकीचे नव्हते.

हलकी बॅग

मागच्या महिन्यात बाबांना शेवटी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं होतं. “बाबा, तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं, माझी नोकरी गेली म्हणून?”

ते म्हणाले, “कुणी नाही. तू आलास की बॅग सोफ्यावर टाकायचास. मी उचलून आत ठेवायचो. हलकी लागली. लॅपटॉप नव्हता.”

“कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

सात आठवडे मी त्यांच्यासमोर नाटक करत होतो आणि सात आठवडे ते रोज संध्याकाळी ती हलकी बॅग उचलून आत ठेवत होते. दारात खुर्ची टाकून बसत होते. लूक १५:२० मध्ये बापाला मुलगा दूर असतानाच दिसतो. म्हणजे तो बघत होता.

माझे बाबा परिपूर्ण नाहीत. सात आठवडे थांबण्यापेक्षा पहिल्याच दिवशी बोलले असते तर मला किती हायसं वाटलं असतं, हेही खरं आहे. मी अजून त्यांना ‘तुम्ही’च म्हणतो. पण माझी चार वर्षांची मुलगी मला “ए बाबा, तू इकडे ये ना” म्हणते, आणि त्यात मला अपमान वाटत नाही. परवा ती शाळेतून आली, मी विचारलं, “आज किती स्टार मिळाले?” विचारता क्षणी जीभ चावली. म्हटलं, “आधी जेव.”

तुमची बॅग आज हलकी असेल. नोकरी, नातं, परीक्षा, पवित्र राहायचा एखादा निश्चय, जे कुणाला सांगितलेलं नाही असं काहीतरी रिकामं झालं असेल. पित्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा तिसरा मुद्दा, फेडीन, भरून काढीन, हा बाजूला ठेवून बघा. पहिले दोन सांगा आणि थांबा.

प्रार्थना

हे पित्या, तुझ्यासमोर मी कित्येकदा मोलकऱ्यासारखा उभा राहिलो, कधी घाबरून, कधी हक्क सांगून. मला क्षमा कर. ज्यांना ‘बाप’ हा शब्द ऐकून भीती वाटते त्यांना तू तुझ्या पद्धतीने आणि तुझ्या वेळेने भेट. आम्हाला आईबाप म्हणून जी लेकरं दिलीस, त्यांच्यासमोर आमचं वजन खरं राहू दे. माझी बॅग हलकी आहे हे तुला ठाऊक आहे. मी घरी आलोय. येशूच्या नावात मागतो. आमेन.